दुसरी प्रत

जुन्या घरांतून माजघरांत किंवा माडीवर एखादी लोखंडी पेटी असे. तींत जमिनीचे कागद, सोयरिकीचीं पत्रें, मुलांच्या जन्मपत्रिका, एखादें पिवळें पडलेलें छायाचित्र असा सारा ऐवज बासनांत बांधून ठेवलेला असे. त्या पेटीची किल्ली कोणापाशीं आहे हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असे, आणि पावसाळा सरला कीं कागदांना एकदां ऊन दाखवून ते पुन्हां बांधले जात. आज ती पेटी बहुतेक घरांतून नाहींशी झाली आहे. घराचें दप्तर मात्र नाहींसें झालेलें नाहीं. उलट, तें पूर्वीपेक्षां शतपटीनें वाढलें आहे. विवाहसमारंभांचीं छायाचित्रें, परदेशीं असलेल्या मुलांचीं पत्रें, दिवंगत वडीलधाऱ्यांचा ध्वनिमुद्रित आवाज, सातबाऱ्याचे उतारे, आयकराचीं विवरणपत्रें, कोणाचा अर्धामुर्धा लिहिलेला प्रबंध, हें सर्व आतां तळहाताएवढ्या एका डबींत जाऊन बसलें आहे. त्या डबीस कोणी हार्ड डिस्क म्हणतात, कोणी एसएसडी, कोणी पेन ड्राइव्ह. नांव कांहींहि असो. घराची स्मृति आज तिच्या स्वाधीन आहे. आणि नवल असें कीं, लोखंडी पेटीची जी काळजी घेतली जात असे, तिचा शतांशहि या डबीच्या वांट्यास येत नाहीं.

कागदाचा नाश हळूहळू होतो. तो प्रथम पिवळा पडतो, मग कडा झिजतात, मग कसर लागते. पाहणाऱ्यास तो सावध करतो. अर्धें पान फाटलें तरी उरलेलें अर्धें वाचतां येतें. विद्युत्-साधनांत सांठविलेल्या मजकुराचें तसें नाहीं. काल सायंकाळपर्यंत सर्व कांहीं यथास्थित असतें आणि आज सकाळीं सारेंच्या सारें गेलेलें असतें. हा फरक कां पडतो, हें समजण्यासाठीं त्या डबीच्या अंतरंगांत थोडेंसें डोकावणें अवश्य आहे.

फिरत्या चकत्यांवर मजकूर सांठविणारें पहिलें विक्रीयोग्य यंत्र अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन एक टनाहून अधिक होतें, आणि इतक्या सरंजामांत मावत असत अवघीं ५० लक्ष अक्षरें. आजच्या मोबाइलनें काढलेलें एखादें छायाचित्र त्यांत जेमतेम बसलें असतें. तेव्हांपासून चकती लहान होत गेली आणि तिची सांठवण वाढत गेली. मूळ तत्त्व मात्र तेंच राहिलें. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे या वेगानें फिरते, आणि तिच्यावरून लिहिणारें-वाचणारें एक इवलेंसें टोक तरंगत असतें. त्या टोकांत आणि चकतींत अंतर असतें तें कांहीं नॅनोमीटरांचें. माणसाचा केस याच्या हजारों पट जाड असतो. फिरत असतांना डबी हातून पडली, तिला धक्का बसला किंवा आंत धुळीचा एक कण शिरला, तर तें टोक चकतीवर घासतें आणि लेपासह अक्षरेंहि खरवडलीं जातात.

एसएसडी व पेन ड्राइव्ह यांत फिरणारें असें कांहींच नसतें. तेथें अक्षरें विद्युत्-भाराच्या रूपानें सूक्ष्म कोठड्यांत कोंडलेलीं असतात. त्यामुळें धक्क्याचें भय कमी होतें. परंतु दुसरीं दोन भयें उत्पन्न होतात. प्रत्येक कोठडी किती वेळां पुसावी आणि लिहावी यास मर्यादा आहे; आणि असें साधन वर्षानुवर्षें विजेशिवाय कपाटांत पडून राहिलें तर तो भार झिरपत जाऊन अक्षरें पुसट होण्याचा संभव असतो. म्हणून दीर्घकाळ जपण्याच्या मजकुरासाठीं एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबणें धोक्याचें. बाजारांत कांहीं पेन ड्राइव्ह असेहि मिळतात कीं, त्यांवर छापलेली सांठवण खोटी असते. मर्यादा ओलांडली कीं पुढचा मजकूर नुसता गिळला जातो. नवें साधन काठोकाठ भरून, तो मजकूर परत वाचून पाहिल्यावरच तें विश्वासास पात्र समजावें.

निकामी होण्यापूर्वीं हीं साधनें कांहीं सूचना देत नाहींत काय, असा प्रश्न सहज मनांत येईल. आपल्या प्रकृतीची नोंद ठेवणारी एक व्यवस्था चकतींत असते खरी. ती कितपत भरंवशाची आहे याचा शोध गूगल कंपनीच्या संशोधकांनीं घेतला आणि २००७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं एक लक्षाहून अधिक चकत्या पाहिल्या होत्या. त्यांत असें आढळलें कीं, निकामी झालेल्या चकत्यांपैकीं शेंकडा ३६ हून अधिक चकत्यांच्या नोंदींत बिघाडाची एकहि खूण उमटलेली नव्हती. म्हणजे सूचना मिळाली तर तिचा मान राखावा. पण ती मिळेलच असें मानून स्वस्थ बसूं नये. प्रत्येक चकती केव्हांतरी मरावयाचीच. प्रश्न एवढाच कीं, त्या दिवशीं तिच्यावरील मजकूर अन्यत्र कोठें आहे काय?

येथेंच दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात त्याचा विचार सुरू होतो. आणि येथेंच सुशिक्षित घरांतूनहि कांहीं गैरसमज आढळतात. एकाच चकतीचे दोन भाग पाडून एका भागांतील मजकूर दुसऱ्या भागांत उतरवून ठेवला म्हणजे दुसरी प्रत झाली, हा पहिला गैरसमज. चकती गेली कीं दोन्ही भाग एकदमच जातात. संगणकांत जागा पुरेना म्हणून छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर नेलीं आणि संगणकांतून काढून टाकलीं. याला कोणी बॅकअप म्हणतात. वास्तविक येथें प्रत एकच राहिली, फक्त तिनें बिऱ्हाड बदललें. कांहीं ठिकाणीं दोन चकत्या जोडून एकीवर लिहिलेलें तत्क्षणीं दुसरीवरहि उमटेल अशी योजना करतात. १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनीं मांडलेल्या या कल्पनेस रेड असें नांव आहे. एक चकती बिघडली तरी काम अडत नाहीं, हा तिचा गुण मोठा आहे. परंतु मनुष्यानें चुकून जें पुसलें तें दोन्हींकडे पुसलें जातें. मोबाइल आणि क्लाउड यांचा मेळ ठेवणाऱ्या व्यवस्थेचेंहि तसेंच आहे. येथें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें. पुसलेला मजकूर कांहीं दिवस टोपलींत राहिला तर ती त्या कंपनीची कृपा समजावी. आरशांतील प्रतिबिंबास प्रत म्हणतां येत नाहीं, कारण मूळ हललें कीं तेंहि हलतें. मुळाला इजा झाली तरी जी अविचल राहते, तीच प्रत.

मनुष्याच्या हातून होणारी चूक ही यंत्राच्या बिघाडाइतकीच मोठी शत्रु आहे. अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचें काम चाललें असतां १९९८ सालीं घडलेला प्रसंग या दृष्टीनें बोधप्रद आहे. कोणाच्या तरी हातून संगणकास पुसण्याची आज्ञा भलत्या ठिकाणीं दिली गेली, आणि पाहतां पाहतां पात्रें, देखावे, हालचाली असा चित्रपटाचा बहुतेक सारा मजकूर नाहींसा झाला. संस्थेची प्रती ठेवण्याची व्यवस्था होती. पण ती उघडून पाहिली तेव्हां ती कित्येक दिवस नीट चाललीच नव्हती असें आढळून आलें. तोंपर्यंत याचा कोणास पत्ता नव्हता. चित्रपट वांचला तो अगदीं निराळ्याच कारणानें. गॅलिन सुस्मन या तंत्रनिर्देशिका बाईंना नुकतेंच मूल झालें होतें आणि त्या घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर कांहीं आठवड्यांपूर्वींची प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणण्यांत आला, आणि शेंकडों माणसांचे श्रम सत्कारणीं लागले. मोठ्या संस्थेची मोठी व्यवस्था जेथें फसली, तेथें एका घरांतील एक प्रत उपयोगी पडली.

हा अपवादात्मक प्रसंग होता असें कोणास वाटेल, तर दुसरें उदाहरण अधिक अलीकडचें आहे. गिटलॅब ही संस्था जगभरच्या संगणकतज्ज्ञांचें लेखनच सांभाळून ठेवते. म्हणजे जतन हाच तिचा व्यवसाय. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं उशिरां काम करीत असलेल्या एका कर्मचाऱ्यानें एका यंत्राऐवजीं दुसऱ्याच यंत्रावरील सांठा पुसण्यास प्रारंभ केला. चूक ध्यानांत येऊन हात आवरीपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार उरले होते. या संस्थेपाशीं प्रती ठेवण्याच्या एक नव्हे, पांच योजना होत्या. पैकीं त्या घटकेस एकहि धड चालत नव्हती. एक योजना तर कित्येक दिवस निष्फळ होत होती. तसें कळविणारी पत्रें यंत्र धाडीतहि होतें, पण तीं पत्रें मध्येंच नाकारलीं जात आणि कोणाच्या दृष्टीस पडत नसत. अखेर एका सहकाऱ्यानें अन्य कामासाठीं सहा तासांपूर्वीं घेतलेली प्रत सांपडली. मधल्या सहा तासांचें काम कायमचें गेलें. संस्थेनें ही सारी हकीकत न लपवितां जगापुढें ठेवली, हें तिला भूषणावह आहे.

या दोन्ही प्रसंगांतून निघणारें तात्पर्य एकच. प्रती काढण्याची व्यवस्था असणें आणि प्रत असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. जी परत उघडून, वाचून, मुळाशीं ताडून पाहिली नाहीं, ती प्रत आहे असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. ही दृष्टि भारतवर्षास नवी नाहीं. लेखनाच्या साहाय्याविना वेदांचे पाठ पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांनीं केवळ संहिता पाठ करून समाधान मानलें नाहीं. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनीं तींच पदें सुलट, उलट आणि पुन्हां सुलट म्हणण्याचा प्रघात त्यांनीं घातला. एका रीतींत शिरलेली चूक दुसऱ्या रीतींत लपूं शकत नसे. आजचे संगणकहि मजकुरांतील अक्षरांवरून गणितानें एक लहानशी संख्या काढून ती सोबत ठेवतात. पुढें केव्हांहि तीच संख्या पुन्हां काढून पाहिली आणि ती जुळली नाहीं, तर मजकुरांत कोठेंतरी बिघाड झाला हें तत्काळ कळतें. साधन बदललें; ताडून पाहण्याचा धर्म तोच राहिला.

तिसरा शत्रु स्थानाचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतून ज्यांच्या घरांत पाणी शिरलें, त्यांच्या एका फडताळांत वहीच्या दोन प्रती असत्या तर त्या दोन्ही भिजल्या असत्या. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणांतील बाहेरची डिस्क यांची गति एकच होणार हें उघड आहे. आणि हें केवळ घरांनाच लागू आहे असें नाहीं. दक्षिण कोरियांत देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रांत २६ सप्टेंबर २०२५ रोजीं लिथियम बॅटऱ्यांमुळें आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाचे कागद ज्या सांठ्यांत एकत्र ठेवले जात, तो ८५८ टेराबाइटांचा सांठा तींत जळून गेला. त्याची बाहेर कोठेंहि प्रत नव्हती. सांठाच इतका प्रचंड कीं त्याची वेगळी प्रत ठेवणें जमत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. जें फार मोठें म्हणून ज्याची प्रत निघत नाहीं, तेंच गेल्यावर सर्वांत मोठी हानि होते, हें त्या आगीनें दाखवून दिलें.

चौथा शत्रु चोराचा, आणि हा चोर घरांत न येतांच चोरी करतो. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकांतील सर्व मजकूर कुलूपबंद करी आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांचें काम त्यानें बंद पाडलें. अशा प्रोग्रामांचा हात संगणकास जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंतहि पोंचतो. म्हणून प्रत काढून झाली कीं डिस्क सोडवून, संगणकापासून दूर ठेवणें हेंच तिचें खरें कुलूप होय.

या सर्व शत्रूंना तोंड देणारा एक सुटसुटीत नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनीं आपल्या ग्रंथांतून लोकप्रिय केला: तीन, दोन, एक. मजकुराच्या एकंदर तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांतील एक प्रत परस्थळीं असावी. मध्यमवर्गीय कुटुंबासहि हा नियम पाळणें अवघड नाहीं. पहिली प्रत संगणकावर असतेच. दुसरी बाहेरच्या डिस्कवर महिन्यांतून एका ठराविक दिवशीं उतरवावी. तिसरी क्लाउडमध्यें ठेवावी, अथवा आणखी एका डिस्कवर घेऊन परगांवीं असलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं ठेवावी आणि त्यांची आपल्याकडे ठेवून घ्यावी. क्लाउड म्हणजे आकाशांतील कांहीं गूढ वस्तु नव्हे. तीहि कोणा कंपनीच्या इमारतींतील चकत्यांची रांगच आहे. म्हणून ती तीन प्रतींपैकीं एक असावी, एकुलती एक असूं नये.

डिस्क हाताळण्याविषयीं थोड्या गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. एक टेराबाइटाची डिस्क संगणकांत सुमारें ९३१ गिगाबाइट दिसते, यांत दुकानदाराची लबाडी नसते. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीनें, एवढाच तो भेद. डिस्क काठोकाठ भरूं नये. सोडवितांना संगणकाची अनुज्ञा घेऊनच सोडवावी, कारण पडद्यावर काम संपलेलें दिसलें तरी शेवटचीं अक्षरें लिहिलीं जावयाचीं असूं शकतात. कोंकणांतल्यासारख्या दमट हवेंत ती ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यांत ठेवावी. तिच्यावर खरेदीचें वर्ष लिहून ठेवावें आणि चार-पांच वर्षांनीं, ती चालत असली तरीहि, मजकूर नव्या डिस्कवर न्यावा.

इतकेंहि करून आपत्ति आलीच, तर घाई हाच मोठा शत्रु ठरतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला तर ती तत्काळ बंद करावी. पुन्हां पुन्हां चालू करून पाहण्यानें चकतीवर ओरखडे मात्र वाढतात. ती घरीं उघडूं नये. स्वच्छ खोलींत काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. चुकून मजकूर पुसला गेला असेल तर त्या डिस्कवर नवें कांहीं लिहूं नये. फिरत्या चकतीवर पुसलेलीं अक्षरें वर दुसरीं उमटेपर्यंत बहुधा शिल्लक असतात. एसएसडीमध्यें मात्र तीं लौकरच खरोखरी नाहींशीं केलीं जातात, म्हणून तेथें परत मिळण्याची आशा थोडी.

आणखी एका गोष्टीचा विचार क्वचितच केला जातो. मजकूर सुरक्षित आहे, प्रती तीन आहेत, परंतु पासवर्ड ज्या एका व्यक्तीस ठाऊक होता तीच निवर्तली तर? लोखंडी पेटीची किल्ली जशी वडिलांच्या पश्चात् मुलांच्या हातीं येत असे, तशी ही किल्लीहि पुढें जाण्याची तजवीज करून ठेवावयास हवी. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटांत बंद करून, घरांतील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा आणि त्याची माहिती विश्वासाच्या एका तरी माणसास असावी. त्याबरोबरच छायाचित्रांना नांवें द्यावीं. वीस हजार छायाचित्रांत आजीचें चित्र कोणतें हें ओळखणारें कोणी उरलें नाहीं, तर तें डिस्कवर असूनहि हरवलेंच म्हणावयाचें. काय ठेवावें आणि काय टाकावें याचा निवाडाहि त्याच वेळीं व्हावा. थोडें आणि निवडक जपणें नेहमींच सोपें जातें.

हें सर्व एका दिवसांत होणारें नाहीं. त्याला नेमाची जोड हवी. व्यापारी मंडळी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं वह्यांची पूजा करतात आणि नव्या वर्षाच्या जमाखर्चाला प्रारंभ करतात. संगणक बाळगणाऱ्या घरांनींहि दिवाळींतील एखादी सकाळ या कामासाठीं राखून ठेवावी. त्या दिवशीं दोन्ही डिस्का बाहेर काढाव्या, प्रत्येकीवरील पांच-दहा छायाचित्रें, एखादें ध्वनिमुद्रण, एखादा दस्तऐवज प्रत्यक्ष उघडून पाहावा, आणि तो दुसऱ्याच संगणकावर उतरवून पाहावा. ज्या घरांत हें वर्षानुवर्षें होईल, त्या घरांत डिस्क बिघडण्याचा दिवस उजाडला तरी तो फक्त नवी डिस्क विकत आणण्याचा दिवस ठरेल.